पदवीच्या पलीकडचं
कॉलेज निवडताना पुढचं सगळं दिसलंच पाहिजे, या आग्रहाला इतिहासाचा आधार नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि पहिले चार बी.ए. १८६२ मध्ये बाहेर पडले. त्या पदवीचं पुढे काय होतं, हे विचारायला आधीचा पदवीधरच नव्हता. नंतरच्या विद्यार्थ्यांनाही पुढचं दिसत नव्हतंच. कोकणातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले, तर वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमधून १८८४ मध्ये ते गणित घेऊन पदवीधर झाले.

त्या काळी पदवीधराला सरकारी नोकरी ठरलेली, मग अनिश्चितता कसली, असं कुणी म्हणेल. नोकरीपुरतं ते बऱ्याच अंशी खरं असेलही. पण कर्व्यांनी १९१६ मध्ये उभारलेलं महिला विद्यापीठ एल्फिन्स्टनच्या कुठल्या अभ्यासक्रमात होतं? गणितही वाया गेलं नाही. १८९१ ते १९१४ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमध्ये त्यांनी तेच शिकवलं.