मोटारीचा दांडा आणि शेतकऱ्याची करवत

मोटारीच्या इतिहासांत इंजिनाला मान मिळतो, चाकांना मिळतो. परंतु इंजिनाची शक्ति मागच्या चाकांपर्यंत पोंचविणारा जो लोखंडी दांडा गाडीच्या पोटाखालीं धुळींत आणि चिखलांत फिरत असतो, त्याची आठवण तो मोडल्यावांचून कोणास होत नाहीं. मोटारदुरुस्तीच्या धंद्यांत त्याला ‘शाफ्ट’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अनेक शेतकऱ्यांनीं हा शाफ्ट आपल्या अंगणांत करवतीनें कापून आखूड केला आणि जुन्या मोटारीला नांगराला जुंपलें. या खटाटोपाचा अर्थ कळण्यासाठीं प्रथम थोडें मागें जावें लागतें.

फिरणारी गति सरळ रेषेंत नेणें सोपें. ती वळवून नेणें अवघड. त्यासाठीं जो सांधा लागतो त्याला सोळाव्या शतकांतील इटालियन पंडित कार्दानो याचें नांव युरोपांत चिकटलें आहे. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यानें १६७६ सालीं या सांध्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. दोन दांड्यांच्या टोकांना दोन बेचकीं बसवावीं, तीं एकमेकांशीं काटकोनांत धरावीं आणि मध्यें अधिकाच्या चिन्हासारखा तुकडा अडकवावा. मग एक दांडा फिरूं लागला कीं तिरपा धरलेला दुसराही फिरूं लागतो. मात्र तो एकसारखा फिरत नाहीं. कोन ३० अंशांचा असेल आणि पहिला दांडा मिनिटाला १०० फेरे संथपणें घेत असेल, तर दुसऱ्याची गति प्रत्येक फेऱ्यांत दोनदां सुमारें ११५ पर्यंत चढते व दोनदां ८७ पर्यंत उतरते. यावर तोड एकच. दांड्याच्या दुसऱ्या टोकासही तसाच सांधा बसवावा, मधल्या दांड्याचीं दोन्ही बेचकीं एका पातळींत ठेवावीं आणि दोन्हीकडील कोन सारखे राखावे. मग पहिल्या सांध्यानें केलेली चूक दुसरा फेडून टाकतो.

पुढें सव्वादोनशें वर्षांनीं हा सांधा मोटारीच्या कामीं आला. तोंवर बहुतेक मोटारी सांखळीनें किंवा पट्ट्यानें चालत आणि रस्त्याची धूळ त्यांना लवकर झिजवी. पॅरिसजवळील बियांकूर येथें घरच्या बागेंतल्या खोपटांत २१ वर्षांच्या लुई रेनोनें १८९८ सालीं एक लहानशी गाडी तयार केली आणि सांखळीऐवजीं शाफ्ट घातला. त्या वर्षीं २४ डिसेंबरला ती गाडी माँमार्त्रचा उभा चढ चढून गेली. अमेरिकेंत क्लॅरेन्स स्पायसर यानें धुळीपासून झांकलेल्या, वंगण टिकवून धरणाऱ्या सांध्याचें पेटंट १९०३ मध्यें मिळविलें. अशा रीतीनें शाफ्टाची सुरुवातही घरगुती कारागिरीचीच होती.

हेन्री फोर्डची ‘टी’ मोटार १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती आणि ती दीड कोटीहून अधिक खपली. १९२९ नंतरच्या मंदींत अमेरिकन शेतकऱ्यास नवा ट्रॅक्टर घेण्याची ऐपत राहिली नाहीं. पण गोठ्यामागें जुनी फोर्ड पडलेली असे. त्यानें तिचा सांगाडा मधून कापला, मागचीं चाकें पुढें आणलीं आणि वेग कमी करून ओढ वाढविण्यासाठीं कधीं कधीं एका गिअरपेटीमागें दुसरीही जोडली. या ओबडधोबड वाहनाला तिकडे ‘डूडलबग’ म्हणजे वाळूंतला किडा म्हणत. १९४२ मध्यें युद्धासाठीं खासगी मोटारींचें उत्पादन थांबलें, पोलादावर नियंत्रण आलें, तेव्हां या किड्याची किंमत आणखी वाढली.

सांगाडा आखूड झाला म्हणजे शाफ्ट आखूड करणें ओघानेंच आलें. फोर्डच्या ‘टी’ गाडींत तो एका नळींत बंद असून त्याच्या पुढच्या टोकास एकच सांधा असे. तेथें शाफ्ट आणि नळी दोन्ही सारख्या मापानें कापाव्या लागत. दोन सांध्यांच्या उघड्या शाफ्टाची गोष्ट निराळी. त्याचें माप चाकें जमिनीवर टेंकलेलीं असतांनाच घ्यावें लागतें आणि सांध्याला मागेंपुढें सरकण्यास वाव ठेवावा लागतो. कापण्यापूर्वीं नळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढावी लागते. जोडतांना ती रेघ जुळली नाहीं तर बेचक्यांची पातळी बिघडते, आणि फेडली जाणारी चूक उलट वाढते. प्रथम चार ठिकाणीं टांके घालून शाफ्ट फिरवून पाहावा, वांक काढावा, मगच पूर्ण सांधावा, अशी कारागिरांची रीत आहे.

लांबी कमी केल्यानें लाभ होतो, तसा तोटाही. लांब दांडा विशिष्ट वेगाला पोंचला म्हणजे दोरीसारखा झोल घेऊं लागतो. रँकिन यानें १८६९ मध्यें आणि डंकर्ली यानें १८९४ मध्यें या झोलाचें गणित मांडलें. लांबी निम्मी केली तर तो धोक्याचा वेग चौपट वर जातो. पण इंजिन आणि मागचा आंस यांच्या उंचींतला फरक तोच राहिल्यानें सांध्यांचे कोन वाढतात. शिवाय कमी गतीच्या गिअरमुळें शाफ्टावरील पीळ पुष्कळ वाढतो आणि कच्चा सांधा तेथेंच तुटतो. शेतांत गाडी माणसाच्या चालीनें जात असल्यामुळें तोलांतील लहानसहान दोष खपून जात. शर्यतीच्या मोटारींत ते खपत नाहींत. तेथें पुढचा सांधा तुटून शाफ्टाचें टोक रस्त्यांत रुतूं नये म्हणून त्याखालीं पोलादी कडें बसविण्याचा नियम पुढें झाला.

स्वीडनमध्येंही असेंच घडलें. तेथील कापलेल्या मोटारींना ‘एपा’ नांवाच्या स्वस्त मालाच्या दुकानांवरून ‘एपा-ट्रॅक्टर’ हें नांव पडलें. युद्धानंतर खरे ट्रॅक्टर आले, तरी खेड्यांतल्या तरुणांनीं हीं वाहनें सोडलीं नाहींत. कारण मोटारीचा परवाना मिळण्याच्या वयापूर्वींच तीं चालवितां येत. सरकारनें त्यांचा वेग ताशीं ३० किलोमीटरांवर बांधून टाकला आणि १९७५ मध्यें नवे नियम केले.

अमेरिकेंतील व स्वीडनमधील या शेतकऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं हूकचें नांव ऐकलें असेल. त्याचा नियम मात्र त्यांच्या करवतीलाही लागू होता. ज्यानें रेघ ओढून कापलें त्याचें शेत वेळेवर नांगरलें गेलें. ज्यानें अंदाजानें कापलें त्याला तोच नियम मोडलेल्या सांध्यावरून, ऐन पेरणींत शिकावा लागला.