सातवाहन राज्याचा ऱ्हास आणि विघटन

पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, येथून दख्खनवर राज्य करणाऱ्या सातवाहन घराण्याची सत्ता इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात संपुष्टात आली आणि तिच्या जागी पाच-सहा स्वतंत्र राज्ये उभी राहिली. नाशिककडे आभीर, विदर्भात प्रथम सातवाहनांचीच एक शाखा व पुढे वाकाटक, कृष्णेच्या खोऱ्यात इक्ष्वाकू, वनवासीला चुटू आणि त्यांच्या दक्षिणेस पल्लव अशी ही विभागणी होती. एखाद्या निर्णायक लढाईत हे राज्य बुडाल्याचा पुरावा कोणत्याही लेखात नाही. राज्याने स्वतःच मोठी केलेली घराणी आणि अधिकारपदे हळूहळू स्वतंत्र होत गेली, हेच या विघटनाचे मुख्य स्वरूप आहे.

या घडामोडींचा सलग वृत्तांत कोणी लिहून ठेवलेला नाही. लेण्यांतील व खडकांवरील प्राकृत लेख, नाणी, उत्खननातील अवशेष आणि पुराणांतील वंशावळी यांवरून तो जुळवावा लागतो. पुराणे या राजांना ‘आंध्र’ म्हणतात आणि त्यांच्या राज्याचा काळ वेगवेगळ्या पाठांत ३०० ते ४६० वर्षे इतका देतात. त्यामुळे घराण्याच्या आरंभाविषयी विद्वानांत मोठे मतभेद आहेत. अखेरीच्या काळाबाबत मात्र बरेच एकमत आहे.

राज्याची बांधणीच पुढच्या फुटीला अनुकूल होती. ‘आहार’ नावाच्या विभागांवर राजा अमात्य नेमत असे. नाशिकचा गोवर्धन आहार हे त्याचे उत्तम माहीत असलेले उदाहरण. पण अमात्यांच्या जोडीला महारठी आणि महाभोज ही वंशपरंपरागत घराणी होती. ती राजघराण्याशी व आपसांत लग्नसंबंध जोडत, लेण्यांना स्वतःच्या नावाने दाने देत आणि काही महारठी तर स्वतःची नाणीही पाडत. नाणेघाटातील लेखाची नागनिका राणी महारठी कुळातली मुलगी होती. राजसत्ता बळकट असेपर्यंत ही घराणी तिचा आधार होती. ती दुबळी झाल्यावर त्यांना वेगळे व्हायला फारसे काही करावे लागले नाही.

गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात क्षत्रप नहपानाचा पराभव करून राज्य पुन्हा उभारले. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी दोन तृतीयांशांपेक्षा जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. इतका ठोस विजय प्राचीन भारतात क्वचितच नाण्यांवर उमटला असेल. तरीही त्याच राजाच्या नाशिक येथील दानलेखांतून राज्याची मर्यादा दिसते. राज्यवर्ष १८ मध्ये त्याने भिक्षूंना २०० निवर्तने जमीन दिली. त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरू नये, मिठासाठी खोदू नये, प्रदेशाच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये, अशा सवलती तिला जोडल्या. राज्यवर्ष २४ मधील लेख सांगतो की ते शेत कसले जात नाही आणि गावात वस्ती नाही. म्हणून नगराच्या शिवेवरची १०० निवर्तने त्याऐवजी द्यावीत. युद्धाने ओस पडलेला मुलूख आणि राजाने स्वखुशीने सोडलेले अधिकार या दोन्ही गोष्टी या लहानशा व्यवहारात एकत्र दिसतात. पुढच्या काही शतकांत अशा करमुक्त दानांची संख्या वाढत गेली.

दुसरा ताण शक क्षत्रपांचा होता. कार्दमक घराण्याच्या रुद्रदामन राजाचा जुनागढ येथील लेख शक ७२, म्हणजे इ. स. १५० चा उल्लेख करतो. दक्षिणापथपती सातकर्णीला आपण दोनदा उघड युद्धात जिंकले, पण नात्यातला म्हणून उखडून टाकले नाही, असे रुद्रदामन त्यात सांगतो. कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची मुलगी असल्याचे म्हटले आहे. ते नाते हेच असावे. गौतमी बलश्रीच्या नाशिक प्रशस्तीत तिच्या मुलाच्या, म्हणजे गौतमीपुत्राच्या, ताब्यातील म्हणून आलेले अपरांत, अनुप, कुकुर, आकर-अवंती हे प्रदेश रुद्रदामनाच्या लेखात त्याच्या राज्यात मोजलेले आहेत. म्हणजे एका पिढीच्या आत उत्तरेकडचा सुपीक आणि व्यापारी मुलूख हातचा गेला होता. राज्याचे वजन त्यामुळे पूर्वेकडे, कृष्णा-गोदावरीच्या मुखांकडे सरकले.

दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यज्ञश्री सातकर्णीने हे दोन्ही टोकांचे राज्य काही काळ एकत्र धरले. त्याचे लेख नाशिकला व कान्हेरीला आहेत, तसेच आंध्रच्या किनाऱ्यावर चिन्नगंजाम येथेही आहेत. क्षत्रपांच्या धर्तीची, राजाचा चेहरा असलेली चांदीची नाणी त्याने पाडली; एका बाजूस प्राकृत आणि दुसऱ्या बाजूस द्राविडी भाषेतला लेख अशी त्यांची रचना आहे. अरबी समुद्रापासून बंगालच्या उपसागरापर्यंत सत्ता असलेला तो शेवटचा सातवाहन राजा.

त्याच्यानंतर एकाच वेळी अनेक राजे निरनिराळ्या भागांत राज्य करताना दिसतात. विजय सातकर्णीचे लेख चेब्रोलू व नागार्जुनकोंडा येथे म्हणजे केवळ पूर्वेकडे मिळतात. चंड सातकर्णीचा लेख गोदावरीच्या मुखाजवळ कोडवली येथे आहे. वाशिम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये पोटीन या मिश्रधातूच्या सुमारे सोळाशे नाण्यांचा साठा मिळाला. त्यात गौतमीपुत्र, पुळुमावी व यज्ञश्री यांच्यासोबत कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी या नावांची नाणी आहेत. ही तीन नावे पुराणांच्या याद्यांत नाहीत. विदर्भात राजकुळाचीच एक वेगळी शाखा राज्य करीत होती, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. पुराणांनी एकामागून एक रचलेले शेवटचे राजे काही अंशी समकालीन असावेत, हा तर्कही या साठ्यामुळे बळावतो.

शेवटच्या अवस्थेचा सर्वांत बोलका पुरावा अदोनीजवळच्या म्याकदोनी येथील पुळुमावीच्या राज्यवर्ष ८ मधील खडकलेखात आहे. लेखाचा विषय साधा आहे: एका गृहपतीने तलाव खोदवला. पण स्थळाचे वर्णन करताना गाव गौल्मिक कुमारदत्ताचे आणि सातवाहनिहार हा जनपद महासेनापती स्कंदनागाचा असे म्हटले आहे. पूर्वी आहारावर राजाने बदलता येणारा अमात्य असे; आता संपूर्ण जनपद सेनापतीच्या नावाने ओळखला जातो. राजाचे नाव फक्त कालगणनेपुरते उरले आहे. ‘गुल्म’ म्हणजे सैन्याची तुकडी; गौल्मिकाकडे गाव जाणे हे मुलकी कारभार लष्करी हातांत गेल्याचे चिन्ह आहे. हा लेख ज्या पुळुमावीचा, तो या घराण्याचा शेवटचा ज्ञात राजा मानला जातो.

राज्याचे तुकडे ज्यांच्या वाट्याला आले ते बहुतेक सर्व जुन्या व्यवस्थेतून आलेले होते. वनवासीचा हारितीपुत्र विष्णुकड चुटुकुलानंद तर सातकर्णी हे नावच लावतो. विजयपुरीचा, म्हणजे नागार्जुनकोंड्याचा, इक्ष्वाकू राजा वासिष्ठीपुत्र चांतमूल याने अश्वमेध केला. त्याच्या घराण्याने सातवाहनांची प्राकृत, मातृनामाची रीत आणि स्तूपांना दाने देण्याची प्रथा पुढे चालवली. पुराणांतील ‘श्रीपर्वतीय’ आंध्र ते हेच असे मानतात. आभीर मात्र क्षत्रपांच्या सैन्यातून वर आले: गुंदा येथील इ. स. १८१ च्या लेखात रुद्रभूती हा आभीर क्षत्रपांचा सेनापती आहे. पुढे माढरीपुत्र ईश्वरसेन हा आभीर राजा नाशिकच्या लेण्यात राज्यवर्ष ९ चा लेख कोरतो. इ. स. २४८-४९ पासून मोजला जाणारा, पुढे कलचुरी म्हणून प्रसिद्ध झालेला शक याच राजवटीचा असावा. या लेखात विष्णुदत्ता नावाच्या शक स्त्रीने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी गोवर्धनातील तेली व इतर कारागिरांच्या श्रेणींकडे पैसे कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. राजवंश बदलला तरी श्रेणी, ठेव आणि व्याज यांवरचा लोकांचा विश्वास टिकून होता. ऱ्हासाची चर्चा करताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

पल्लव शिवस्कंदवर्म्याच्या हिरेहडगळ्ळी ताम्रपटात ‘सातहनि-रट्ठ’ हा विभाग येतो. म्याकदोनीच्या लेखातला सातवाहनिहार तोच. नवा मालक आला तरी विभागाचे नाव बदलले नव्हते.

अशा विघटनाची जगाच्या इतिहासातील एक जवळची जोड कोरियातील शिल्ला राज्याची आहे. सातव्या शतकात द्वीपकल्पाचा बहुतेक भाग एक करणाऱ्या या राज्यात इ. स. ८८९ मध्ये करवसुलीच्या सक्तीवरून बंडे पेटली आणि गढ्या धरून बसलेले प्रांतोप्रांतीचे सरदार स्वतंत्र झाले. शिल्लाच्याच सैन्यातला अधिकारी ग्यॉन ह्वॉन याने नैर्ऋत्येस एक राज्य उभारले, उत्तरेस कुंग्येने दुसरे. या तीन तुकड्यांतील झगडा वांग गॉनने संपवला: त्याने ९१८ मध्ये कोर्यो राज्य स्थापन केले, ९३५ मध्ये शिल्लाचा राजा त्याला शरण आला आणि ९३६ मध्ये पुन्हा एकीकरण झाले. दख्खनमध्ये असे घडायला फार काळ लागला. वाकाटकांचे राज्य मोठे होते, पण पहिल्या प्रवरसेनानंतर तेही नंदिवर्धन व वत्सगुल्म या शाखांत विभागले. दोन्ही किनाऱ्यांपर्यंत पसरलेली सत्ता सातव्या शतकात बदामीच्या दुसऱ्या पुलकेशीने पुन्हा निर्माण केली. मधली जवळजवळ चारशे वर्षे दख्खन अनेक दरबारांत वाटलेले होते.

आर्थिक बाजू धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे प्रत्यक्ष पाहता येते. तेरणाकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात दख्खनची दोन मोठी बाजारपेठांची नगरे सांगितली आहेत, पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे तगर. तगरहून साधे कापड, तलम मलमल आणि किनाऱ्याकडून आलेला इतर माल गाड्यांतून अवघड वाटांनी भडोच बंदरात जाई. कल्याण बंदराविषयी तोच ग्रंथ सांगतो की ते आता अडवले गेले असून तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जातात. शक-सातवाहन संघर्षाचा फटका असा थेट व्यापाऱ्यांना बसत होता. तेरच्या उत्खननांत सातवाहन नाणी, मातीच्या व शाडूच्या मूर्ती, रोमन धर्तीचे दिवे, मण्यांचे असंख्य प्रकार आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. येथील हस्तिदंती स्त्रीमूर्ती पॉम्पेईला १९३८ मध्ये सापडलेल्या मूर्तीच्या शैलीशी जुळते.

तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्य यादवी आणि नाणेघसरणीत सापडले, चीनमध्ये हान सत्ता २२० मध्ये संपली आणि दूरच्या मालाची मागणी आटली. दख्खनमधील अनेक सातवाहनकालीन नगरांत त्यानंतरचे थर क्षीण होत जातात. व्यापार घटल्याने राज्य दुबळे झाले की राज्य फुटल्याने व्यापार घटला, यावर इतिहासकारांत वाद आहे. तगरसारख्या पेठेला दोन्हींची गरज होती: भडोचपर्यंतच्या वाटेवर एकच सत्ता आणि वाटेच्या टोकाला गिऱ्हाईक. तिसऱ्या शतकात दोन्ही राहिले नाहीत.

तरी तेर ओस पडले नाही. येथील विटांचे त्रिविक्रम मंदिर मुळात अर्धवर्तुळाकार मागील भाग असलेले बौद्ध चैत्यगृह होते असे अभ्यासक मानतात. नंतरच्या काळात ते वैष्णव मंदिर झाले आणि म्हणूनच उभे राहिले. इ. स. ६१२ च्या दुसऱ्या पुलकेशीच्या ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी आहे. पुढे उत्तर कोकण आणि कोल्हापूर येथील शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद लावत राहिले, जरी त्यांच्या राजधान्या येथून फार दूर होत्या. तगर म्हणजेच तेर ही ओळख जॉन फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडली. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतांतून व पांढरीच्या टेकाडांवरून आयुष्यभर जमवलेल्या वस्तू आज तेथील शासकीय वस्तुसंग्रहालयात असून सातवाहन काळातील नगरजीवनाच्या अभ्यासासाठी तो राज्यातील महत्त्वाचा संग्रह आहे.