किनाऱ्यावरची पहिली रपेट

दौंड तालुक्यातील राहू हे गाव मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या मधल्या सुपीक पट्ट्यात वसले आहे. या परिसराला 'राहू बेट' म्हणतात. आज येथे ऊस आणि गुऱ्हाळे दिसतात. पण भीमेच्या या थडीची, म्हणजे तीराची, जुनी ओळख तट्टांची आहे. १८८५ च्या गॅझेटिअरमध्ये दौंड-बारामतीचा हा टापू भीमथडी तालुका म्हणूनच नोंदलेला आहे. २०२३ मध्ये राज्यगीत ठरलेल्या राजा बढे यांच्या गीतातही भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख येतो. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने 'भीमथडी' ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली आहे. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगर कुटुंबांचा संसार अजूनही या घोड्यांच्या पाठीवरून चालतो.

शहरातल्या कुटुंबाला मात्र घोडा भेटतो तो सुट्टीत. अलिबाग, नागाव, काशीद अशा किनाऱ्यांवर घोडेवाले उभे असतात. मुले हट्ट धरतात, दर ठरतो आणि क्षणात माणूस घोड्यावर चढतो. फेरी जेमतेम पाच-दहा मिनिटांची असली, तरी त्या उंचीवरून पडल्यास डोक्याला किंवा मणक्याला गंभीर इजा होऊ शकते. घोड्याच्या दृष्टीने तर ती दिवसातील कितवी फेरी असेल, याचा पर्यटकाला पत्ताही नसतो. दोघांची सुरक्षितता प्रामुख्याने बसण्यापूर्वीच्या पाहणीवर अवलंबून असते.

घोडा पाहावा

प्रथम घोडा चालताना पाहावा. चालताना मान प्रत्येक पावलाला खालीवर हिसकत असेल, तर तो लंगडत असण्याची शक्यता असते. बरगड्या उठून दिसणे, खोगिराखाली किंवा तंगाजवळ जखमा असणे, डोळ्यांतून वा नाकातून स्राव येणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्या घोड्यावर बसू नये. खोगीर पोटाखालून आवळणारा पट्टा म्हणजे तंग. तो सैल असेल, तर खोगीर स्वारासह एका बाजूला फिरते. म्हणून बसण्यापूर्वी घोडेवाल्याला तंग तपासण्यास सांगावे.

ओझ्याचा हिशेब

गाडी ओढणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या जनावरांसंबंधी केंद्राचे १९६५ चे नियम आहेत. त्यांनुसार तट्टावर ७० किलोपेक्षा अधिक ओझे लादता येत नाही. दिवसभरात एकूण नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यास मनाई आहे. तापमान ३७ अंशांच्या वर असेल, तर दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावराला कामास जुंपता येत नाही.

जाणकारांचा आणखी एक सर्वमान्य ठोकताळा आहे. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावे. तट्टू ३०० किलोचे असेल, तर ही मर्यादा ६० किलोवर येते. त्यामुळे वजनदार व्यक्तीने लहानखुऱ्या तट्टावर बसणे टाळावे. मुलाला पुढ्यात घेऊन एकाच घोड्यावर दोघांनी बसणे तर मुळीच योग्य नव्हे.

वेळ आणि वाळू

कोरड्या, भुसभुशीत वाळूत घोड्याचे पाय रुततात आणि स्नायूंवर ताण येतो. ओहोटीनंतर उघडी पडणारी ओलसर, घट्ट वाळू रपेटीला उत्तम. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील जुना ठोकताळा सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येईल ती पूर्ण भरतीची अदमासे वेळ. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास येते, म्हणजे सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा किनारा अरुंद असतो. याउलट पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारच्या आधी येऊन जाते आणि सायंकाळी विस्तीर्ण पुळण मोकळी होते. त्या दिवशी उधाणाचे पाणी मात्र झपाट्याने वाढते, हे ध्यानात ठेवावे आणि नेमकी वेळ स्थानिकांना विचारावी. पावसाळ्यात किनाऱ्यावरील रपेट टाळलेलीच बरी.

मांड आणि लगाम

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला थेट मागचे दिसत नाही. म्हणून मागून जाऊ नये. खांद्याच्या बाजूने, बोलत जवळ जावे. चढताना डाव्या बाजूने चढण्याची रीत आहे. कमरेला डावीकडे तलवार लटकवणाऱ्या स्वारांपासून ती आल्याचे मानले जाते. बूट घालावेत, चपला नकोत. रिकिबीत पावलाचा पुढचा भागच ठेवावा आणि टाच किंचित खाली असावी. पाऊल आत अडकल्यास पडलेला स्वार फरफटत जाऊ शकतो. ओढणी बांधून घ्यावी, मोबाइल खिशात ठेवावा. डोक्यावर हेल्मेट असावे. किनाऱ्यावर ते क्वचितच मिळते, त्यामुळे मुलांसाठी सायकलचे हेल्मेट घरून न्यावे. काहीच नसण्यापेक्षा ते बरे.

पाठ ताठ, खांदे सैल आणि नजर समोर, ही मांड पक्की होण्याची पहिली पायरी. तोल सावरण्यासाठी लगामाला लोंबकळू नये. त्याची कडी घोड्याच्या तोंडात रुतते. आधार हवा असल्यास खोगिराचा पुढचा भाग धरावा. घोडा बिथरलाच, तर आरडाओरडा करू नये आणि उडीही टाकू नये. मागे रेलून लगाम ओढावा, सोडावा, पुन्हा ओढावा.

घोडेवाल्याशी बोलणे

दर, अंतर आणि चाल या तिन्ही गोष्टी आधी ठरवाव्यात. नवशिक्यासाठी फक्त संथ चाल. दुडकी किंवा दौड नको. लगाम घोडेवाल्याच्या हातातच राहावा आणि मागून चापट मारून घोडा पळवायचा नाही, हे स्पष्ट सांगावे. घोडेवाल्याची कमाई मोजक्या सुट्ट्यांच्या दिवसांत होते, चारा मात्र बारा महिने लागतो. त्यामुळे फेऱ्या उरकण्याची त्याला घाई असते. दरासाठी घासाघीस करून ती घाई वाढवण्यापेक्षा चार पैसे अधिक देऊन सावकाश फेरी मागावी.

मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार आणि सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. किनाऱ्यावरचा पर्यटक हा घटकाभराचा बारगीरच असतो. घोडा दुसऱ्याचा, म्हणून त्याची काळजीही दुसऱ्याचीच, असे मात्र समजू नये.