साडीची न पडलेली घडी

चित्र म्हणजे चौकटीतले, भिंतीवर टांगलेले, अशी आपल्या पिढीची समजूत. त्यामुळे ‘व्हिडिओ मांडणी’ म्हटले की आपण जरा बिचकतो. मात्र नलिनी मलानी यांची ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’ ही १९९८ ची मांडणी इतिहासाच्या वाचकानेही पाहावी अशी आहे.

मलानी यांचा जन्म १९४६ चा, कराचीतला. फाळणीमुळे कुटुंब भारतात आले. पुढे त्यांचे कलाशिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये झाले. मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला व पाकिस्तानने चागईला अणुचाचण्या केल्या. त्यानंतर ही मांडणी मुंबईत उभी राहिली. तिला आधार सआदत हसन मंटो यांच्या ‘टोबा टेक सिंग’ या कथेचा. फाळणीनंतर दोन्ही सरकारे वेड्यांचीही अदलाबदल करू लागतात आणि बिशनसिंग दोन सरहद्दींमधल्या बेवारशी जमिनीवर कोसळतो, ही ती कथा.

अंधाऱ्या दालनात जमिनीवर पत्र्याच्या बारा ट्रंका. त्यांत व्हिडिओचे पडदे, त्यांवर विस्थापितांची दृश्ये. एका भिंतीवर अणुस्फोटांची जुनी चित्रफीत. मला विचाराल तर ते ढग आपण इतके पाहिले आहेत की मन आता हलत नाही. ट्रंका मात्र अस्वस्थ करतात. आमच्या माळ्यावरही तशीच एक आहे, आजोबांनी नोकरीसाठी इंदूरला येताना आणलेली. पण ते रुजू होण्याचा कागद खिशात घेऊन आले होते. त्यांच्या ट्रंकेला या बारांच्या रांगेत बसवणे मला रास्त वाटत नाही. उलट सरकारी सेवेत असताना धरणग्रस्तांच्या तक्त्यात ‘विस्थापित कुटुंबे’ या रकान्यात मी निमूटपणे आकडे भरले, ते आठवतात. कोणी काय बरोबर नेले, यासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

सर्वांत बोलके प्रतीक साडीचे. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया एकाच साडीची घडी घालू पाहतात. घडी घालताना दोघींनी टोके धरून एकमेकींजवळ यायचे, काठाला काठ जुळवायचा, पुन्हा मागे सरायचे, हे आपल्या घरांतले नित्याचे दृश्य. येथे भिंती त्यांना जवळ येऊ देत नाहीत. साडी हातात राहते, घडी पडत नाही. आणि मधल्या मोकळ्या जागेत, बिशनसिंग जेथे कोसळला तेथे, आपण पाहणारे उभे असतो.