सैतान

नांदुऱ्याच्या बाजारात हात सोडून पळालेल्या पोराला आई म्हणते, ‘लय सैतान पोट्टं हाय!’ हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत रुळला. त्याचं नातं थेट हिब्रूशी.

हिब्रूत ‘सातान’ म्हणजे विरोधक, आडवा येणारा. बायबलच्या ‘गणना’ पुस्तकात तर बलाम नावाच्या भविष्यवेत्त्याची वाट अडवणाऱ्या देवदूतालाच हा शब्द लावलाय! बायबलच्याच ईयोबाच्या ग्रंथात सैतान देवापुढे आरोप करतो, आणि देवाच्या परवानगीनेच निरपराध ईयोबाची मुलं-गुरं हिरावतो. चांगल्या देवाने परवानगी दिलीच कशी? ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन (इ.स. 354–430) म्हणाला, वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव. लेकरू गमावलेल्याला हे पुरत नाही. ईयोबाचं देवाशी भांडणं अधिक खरं वाटतं.

नव्या करारात सैतान देवाचा उघड शत्रू झाला. मराठी बातम्यांत आज क्रूर गुन्हेगार ‘सैतान’ ठरतो. ‘सैतानी डोकं’ असणाऱ्याचं मात्र कधी कौतुकही होतं.