उत्तर उतरवले, रीत राहिली

दिवाळी संपत आली की दिल्लीच्या, आणि आता मुंबईच्याही, धुरक्याचे फोटो सगळीकडे झळकतात. मग परदेशात स्थायिक झालेली आमची भाचरं मला एक प्रश्न हमखास विचारतात. "आत्या, इकडे एवढे कडक कायदे आहेत. त्यातलाच एखादा उचलून तिकडे लावला तर काय बिघडेल?" प्रश्न मनापासूनचा आहे आणि तो विचारणारी ती एकटीच नाहीत. पण जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे मला त्याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही. कारण तिकडचे कायदे आपण उचलून आणलेलेच आहेत, आणि एकदा नव्हे, अनेकदा! तरी हवा का सुधारत नाही, हा खरा प्रश्न. तेव्हा मंडळी, आज थोडे सविस्तर लिहिते.

पहिली आयात इंग्रजांनीच केली. कलकत्ता आणि हावड्यासाठी धुराच्या उपद्रवाविरुद्धचा कायदा १८६३ सालचा. पुढे १९०५ मध्ये बंगालचा नवा कायदा आला आणि १९१२ मध्ये आपल्या मुंबईचा. गिरण्यांच्या, कारखान्यांच्या धुराड्यांवर नजर ठेवायला निरीक्षक नेमायचे. धूर किती काळा आहे हे ठरवायला त्या काळी रिंगेलमान नावाच्या फ्रेंच माणसाने काढलेला तक्ता वापरत. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटा असलेला हा कागद समोर धरायचा आणि धुराड्यातून निघणाऱ्या धुराशी ताडून बघायचा. मूळ विचार विलायतेतला होता. काळा धूर म्हणजे वाया गेलेला कोळसा, तेव्हा भट्टी नीट पेटवा, इतकेच त्याचे सार. घरोघरच्या शेगड्यांना ना तिकडच्या कायद्याने हात लावला होता, ना इकडच्या. इंग्रजाला आपल्या दिवाणखान्यातला कोळशाचा विस्तव फार प्रिय. त्यात सरकारने लक्ष घालावे, ही कल्पनाही त्याला सहन होत नसे.

ती सहन करायची वेळ आली १९५२ मध्ये. १९५२ म्हटले की आम्ही वर्गात पहिली सार्वत्रिक निवडणूक शिकवत असू. त्याच वर्षी डिसेंबरच्या ५ ते ९ तारखांना लंडनमध्ये काय झाले ते पाठ्यपुस्तकात नव्हते. थंडी कडाक्याची, वारा पडलेला, त्यामुळे लाखो घरांतला आणि वीजकेंद्रांतला कोळशाचा धूर शहरावरच कोंडून राहिला. दिवसाढवळ्या बस चालेनात. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात धुरके शिरले आणि चालू संगीतिका अर्ध्यावर थांबवावी लागली. जनावरांच्या प्रदर्शनासाठी आणलेली गुरे धापा टाकू लागली, काही मेलीही. माणसे घरात, इस्पितळात मरत होती, पण एकेकटी. त्यामुळे आकडा लगेच कुणाच्या ध्यानात आला नाही.

आता इथून पुढे नीट बघा. लंडनचा धडा म्हणून जो सांगतात तो असा: संकट आले, सरकार जागे झाले, १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा केला, हवा सुधारली. प्रत्यक्षात सरकार जागे व्हायला तयारच नव्हते. आहेत ते कायदे पुरेसे आहेत, असे सुरुवातीला उत्तर मिळाले. नंतरच्या महिन्यांतही मृत्यूंचे प्रमाण जास्त राहिले तेव्हा आरोग्य खात्याने त्याचे खापर इन्फ्लुएन्झावर फोडले. पण तिथे एक जुनी शिस्त होती. दर आठवड्याला मृत्यूंची नोंद छापली जात असे. त्या आकड्यांकडे बघून डॉक्टरांनी आणि खासदारांनी सरकारला सोडले नाही. अखेर सुमारे ४००० बळी सरकारला मान्य करावे लागले. पुढच्या काळातील संशोधकांनी तो आकडा १२,००० पर्यंत नेला आहे. सर ह्यू बीव्हर यांच्या समितीचा अहवाल १९५४ मध्ये आला, जेराल्ड नबारो या खासदाराने खासगी विधेयक आणून दबाव ठेवला, आणि मग कुठे कायदा झाला.

आणि त्या कायद्यात काय होते? नगरपालिकेने एखादा भाग 'धूरबंदीचा' म्हणून जाहीर करायचा. तिथे धूर करणारा कोळसा जाळायचा नाही. मात्र त्यासाठी घरातली शेगडी बदलावी लागली तर त्या रास्त खर्चातले दहापैकी सात हिस्से घरमालकाला परत मिळायचे, आणि त्या सातांतले चार सरकारी तिजोरीतून. मला सगळ्या कायद्यात हे कलम सर्वांत महत्त्वाचे वाटते. तुझी शेगडी वाईट आहे असे नुसते सांगून ते थांबले नाहीत, नव्या शेगडीचे पैसेही मोजले. तरी एका रात्रीत काही झाले नाही. १९६२ च्या डिसेंबरात पुन्हा धुरके आले आणि शेकडो लोक गेले. पुढे समुद्रातला नैसर्गिक वायू घरोघर पोहोचला आणि काम सोपे झाले.

जपानची गोष्ट आणखी शिकण्यासारखी आहे. योक्काइची नावाच्या बंदराच्या गावी पेट्रोरसायनांचे कारखाने उभे राहिले आणि आसपासच्या वस्तीत दमा पसरला. १९६७ मध्ये जपानने प्रदूषणाचा मूलभूत कायदा केला, पण त्यात एक मेख होती. पर्यावरणाचे रक्षण आर्थिक विकासाशी 'सुसंवाद' राखून करायचे, असे त्यात लिहिलेले. (ही भाषा ओळखीची वाटते ना?) त्याच वर्षी योक्काइचीतल्या नऊ रुग्णांनी सहा कंपन्यांवर दावा लावला. लोकांचा रोष इतका वाढला की १९७० च्या अधिवेशनात प्रदूषणाबाबतचे चौदा कायदे झाले किंवा सुधारले गेले, आणि ते सुसंवादाचे वाक्य काढून टाकण्यात आले. जुलै १९७२ मध्ये रुग्णांच्या बाजूने निकाल लागला. माझ्या छातीतला दमा नेमक्या कुठल्या धुराड्यातून आला हे एकेका रुग्णाने सिद्ध करायची गरज नाही, त्या वस्तीत रोग किती वाढला याचा अभ्यास पुरावा म्हणून पुरेसा आहे, असे न्यायालयाने मानले आणि सहाही कंपन्यांना मिळून जबाबदार धरले. १९७३ मध्ये सरकारने त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. ठरावीक भागातल्या नोंदलेल्या रुग्णांना औषधपाणी आणि भरपाई द्यायची, आणि तो पैसा मुख्यतः गंधकाचा धूर सोडणाऱ्या कारखान्यांवरच्या आकारणीतून आणि काही वाहनांवरच्या करातून उभारायचा. धूर जितका जास्त, तितका भुर्दंड जास्त. साहजिकच गंधक काढणारी यंत्रे बसवणे कारखानदारांना परवडू लागले.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. तिथल्या १९७० च्या कायद्याने सामान्य नागरिकाच्या हातात एक हत्यार दिले. साठ दिवसांची नोटीस देऊन तो प्रदूषण करणाऱ्यावर दावा लावू शकतो. इतकेच नव्हे, सरकारी यंत्रणा स्वतःचे काम करत नसेल तर तिच्यावरही! आणि खटल्याचा खर्च प्रतिपक्षाकडून देववण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

आता आपल्याकडे येऊ. जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला पर्यावरणाची जागतिक परिषद झाली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले तर तिथे हजर राहिलेल्या एकमेव पंतप्रधान म्हणजे इंदिरा गांधी. त्या परिषदेतल्या निर्णयांचा हवाला देऊन, राज्यघटनेच्या कलम २५३ खाली, १९८१ चा हवा कायदा झाला. म्हणजे आपल्या कायद्याच्या प्रस्तावनेतच परदेशाचे नाव आहे. (महाराष्ट्राने तर त्याआधीच, १९६९ मध्ये, जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा करून १९७० मध्ये मंडळही स्थापन केले होते.) सुरुवातीला या कायद्याखाली फक्त मंडळाच्या तक्रारीवरून किंवा मंजुरीनेच न्यायालय दखल घेऊ शकत असे. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, नागरिकालाही तो हक्क मिळाला. अट काय? साठ दिवसांची नोटीस. अमेरिकेचा आकडा जसाच्या तसा!

पण हवेचा नमुना घ्यायचा अधिकार मंडळाच्याच माणसाला राहिला. त्याने ठरल्या पद्धतीने घेतला नसेल तर पृथक्करणाचा अहवाल या कायद्याखाली पुरावा म्हणून चालत नाही. नागरिकाला दार उघडून दिले, पण पुराव्याची किल्ली कार्यालयातच ठेवली. शिवाय मंडळाला स्वतः दंड करण्याची सोय नव्हती, प्रत्येक वेळी फौजदारी खटला भरायचा. जनविश्वास कायद्याने हे बदलले आणि एप्रिल २०२४ पासून तुरुंगवासाऐवजी मुख्यतः दंड आला, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. मोठ्या कारखान्याला पंधरा लाख म्हणजे काय, हे तुम्हीच ठरवा. हां, २०१० च्या कायद्याने आलेल्या हरित न्यायाधिकरणाचा आधार आहे. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे आणि तिथे साधा माणूस जाऊ शकतो. हेही सांगितले पाहिजे.

शाळेत गणिताच्या पेपरात काही मुले शेजाऱ्याचे उत्तर उतरवतात. उत्तर बरोबर असते, पण रीत नसते, म्हणून गुण मिळत नाहीत. आपल्या बहुतेक कायद्यांचे तसे झाले आहे. लंडनकडून धूरबंदी घेतली, पण मेलेल्यांची मोजदाद आणि शेगडीचे पैसे घेतले नाहीत. आजही संसदेत प्रश्न विचारला की केवळ हवेच्या प्रदूषणामुळेच मृत्यू झाल्याचे दाखवणारी निर्णायक माहिती नाही, अशा अर्थाचे उत्तर येते. मला ते वाचून लंडनचा इन्फ्लुएन्झा आठवतो. जपानकडून मानके घेतली असतील, पण एकेका धुराड्याचा पुरावा न मागणारे न्यायालय आणि धुरावरची आकारणी घेतली नाही.

आपल्याला जमतच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. गाड्यांच्या बाबतीत आपण रीतसुद्धा उतरवून घेतली. युरोपात 'युरो १' आले १९९२ मध्ये. आपल्याकडे साधारण त्या तोडीचे नियम देशभर लागू झाले २००० मध्ये. दिल्लीच्या बसगाड्या गॅसवर न्यायचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १९९८ चा. मुदती टळत गेल्या, पण न्यायालय मागे हटले नाही आणि २००२ च्या अखेरीस ते काम झाले. आपले डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीचे म्हणणे होते की सरकारने धुराची मर्यादा ठरवावी, इंधन कुठले ते ठरवू नये. दिल्लीच्या बसपुरते न्यायालयाला ते पटले नाही. पण त्याच समितीने टप्प्याटप्प्याचे वेळापत्रक घालून दिले: तेलशुद्धीकरण कारखान्यांनी कुठले इंधन कधी द्यायचे, गाड्यांनी कुठली मर्यादा कधी गाठायची. मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने जुन्या मानकाच्या गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली. पुढे पाचवा टप्पा गाळून एप्रिल २०२० मध्ये आपण थेट भारत टप्पा ६ वर आलो. युरोपात मोटारींना ते २०१४ मध्ये लागू झाले होते. इंधन, यंत्र, तारीख आणि तारीख पाळायला लावणारा कुणीतरी, हे सगळे एकत्र आले म्हणून हे झाले.

याच्या शेजारी वीजकेंद्रे ठेवून बघा. गंधकाच्या धुराची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर झाली, दोन वर्षांची मुदत होती. ती २०२२ वर गेली, मग आणखी पुढे. शेवटी जुलै २०२५ मध्ये तीन चतुर्थांशाहून अधिक वीजसंचांना गंधक काढणारी यंत्रे बसवण्यातून सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी असते, हे त्यामागचे एक कारण. ते खरेही आहे. पण तो कोळसा २०१५ मध्येही तोच होता ना? २००९ च्या अतिप्रदूषित भागांच्या यादीत चंद्रपूर, डोंबिवली, तारापूर ही आपली गावे होती. तिथल्या माणसाने या मुदतवाढीचा अर्थ काय लावायचा?

असो. शेवटी एक अगदी आपल्या ताटातली गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर जायला सांगितले. पालिकेने नोटिसा काढल्या. मुंबईचा पाव पिढ्यान्‌पिढ्या त्या भट्ट्यांत भाजला जातो, आणि तिथे जळणाऱ्या भंगारातल्या लाकडाचा धूर आजूबाजूच्या चाळींतल्या माणसांच्या छातीत जातो. आदेश योग्यच आहे. पण बेकरीवाल्यांनी लगेच विचारले: नव्या भट्टीचा खर्च कोण करणार? अनेकांना त्यात टाळाटाळ दिसली. मला त्यात लंडनची शेगडी दिसली. १९५६ मध्ये हाच प्रश्न तिथल्या संसदेने आधी विचारला आणि दहापैकी सात हिस्से असे त्याचे उत्तर कायद्यातच लिहून ठेवले. आपल्याकडे सूट मिळते ती वीजकेंद्राला आणि सहा महिन्यांची मुदत मिळते ती पाववाल्याला.

तेव्हा परदेशी कायद्याचे उदाहरण कुणी दिले, तर त्यातली बंदी वाचून थांबू नका. पैसे कुणी भरले, मेलेले कुणी मोजले आणि दावा कोण लावू शकत होते, तेवढे विचारा. तुमच्या गावात अशी एखादी भट्टी, शेगडी किंवा धुराडे बदलले असेल, तर ते कसे आणि कुणाच्या खर्चाने बदलले, ते मला जरूर कळवा.