चिंध्यांच्या खोळी

हजरत खदीजा (र.) यांचा माल शामपर्यंत जात असे, हे आपण वाझमध्ये नेहमी ऐकतो. तो माल विश्वासू माणसाच्या हाती देऊनच जाई, म्हणजे व्यापार हा मुळात ओळखीवर चालतो. ही ओळख कोणाला मिळते आणि कोणाला नाही, याचा विचार मात्र आपण करत नाही. म्हणून अहमदाबादच्या दर्यापूरमधील मुस्लिम बायांचा इतिहास आम्ही इथे मांडत आहोत.

कापड गिरण्यांतून उरलेल्या चिंध्या व्यापारी घाऊक उचलत आणि घरोघर वाटत. बाया त्या निवडून, जोडून रजईच्या खोळी शिवत. दोरा बाईचा, घरातली जागा बाईची. मजुरी मात्र नगावर आणि व्यापाऱ्याच्या मर्जीवर. व्यापारी एकमेकांना बाजारात रोज भेटत. बाई घरात एकटी, शेजारच्या गल्लीत खोळीला काय मिळते हे तिला कळायचे कसे? आपल्या मोहल्ल्यातही बाया भिशी चोख चालवतात, पण एकमेकींची मजुरी विचारायला संकोचतात, ही आम्हाला नेहमी खटकणारी गोष्ट.

अहमदाबादेत १९७२ साली इला भट्ट यांनी 'सेवा' ही असंघटित कामगार स्त्रियांची संघटना उभारली होती. १९७४ मध्ये चार हजार बायांनी प्रत्येकी १० रुपये भांडवल घालून स्वतःची सहकारी बँक काढली. सही न येणाऱ्या बाईच्या पासबुकावर तिचा फोटो लावत. फोटो हाच दस्तखत! जामीन म्हणून नवऱ्याला किंवा भावाला पुढे करणाऱ्या व्यवहारात ही गोष्ट लहान नव्हती.

१९७७ च्या सुमारास चिंध्या शिवणाऱ्या बाया या संघटनेत आल्या. एकत्र बसल्यावर मजुरीचे आकडे प्रथमच उघड झाले. वाढ मागितली, तर व्यापाऱ्यांनी काम देणे थांबवले. तेव्हा बायांनी 'सबिना' नावाची सहकारी संस्था काढली. चिंध्या स्वतः घ्यायच्या आणि खोळी स्वतः विकायच्या, असा हा बेत. दुकान, हिशेब, गिऱ्हाईक, गिरणीशी बोलणी हे सारे आता त्यांच्याच गळ्यात आले. एका बाईला जे झेपले नसते, ते दहाजणींनी वाटून घेतले.

१९८५ च्या दंगलीत जुन्या शहरात संचारबंदी लांबली आणि रोजावर जगणाऱ्यांच्या चुली थंडावल्या. त्याच दशकात गिरण्याही एकामागून एक बंद पडू लागल्या, आणि चिंध्यांची आवकच आटत गेली.